चित्रकाराच्या घरात कॅमेरा कुठवर न्यावा?

प्रश्न: उदगीरकर
लातूर जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांसाठी मी बारा वर्षांपासून छायाचित्रे काढतो. उदगीरमधल्या एका वयोवृद्ध चित्रकारांनी, जे शाळेत माझे चित्रकलेचे शिक्षक होते, त्यांच्या घरातल्या रोजच्या जगण्याची छायाचित्रे काढायला मला नुकतीच परवानगी दिली. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा सर इस्त्रीचा सदरा घालून, केस विंचरून कॅनव्हाससमोर बसले होते आणि हातातला ब्रश कोरडा होता. एरवी हेच सर लुंगी खोचून, घासलेटच्या तांब्यात ब्रश खळबळत, मधूनच काकूंना चहाची आठवण करून देत काम करतात. मी तीनशे फोटो काढले, पण मला ठाऊक असलेले सर त्यांतल्या एकातही सापडले नाहीत.

डेव्हिड डग्लस डंकन यांनी काढलेली पिकासोची छायाचित्रे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. एकात पिकासो न्हाणीच्या टबात बसलेला आहे. दुसऱ्यात तो सोल माशाचा अख्खा काटा दोन्ही हातांनी तोंडाशी धरून उरलेसुरले मांस चोखतो आहे, आणि पुढे तोच काटा ओल्या मातीत दाबून त्याचा ठसा उमटवतो आहे. डंकन एवढ्या जवळ कसे पोहोचले, आणि मी सरांच्या घरी काय करायला हवे?

उत्तर १: जुना छायाचित्रकार, छत्रपती संभाजीनगर
डंकन हे मुळात युद्धभूमीवर तयार झालेले छायाचित्रकार होते. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या मरीन दलात होते, आणि १९५० मध्ये त्यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी कोरियाचे युद्ध टिपले. पिकासोशी ओळख करून घ्यायला त्यांना युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापा यांनी सुचवले होते, पण कापा १९५४ मध्ये इंडोचायनात सुरुंगस्फोटात गेले. अखेर फेब्रुवारी १९५६ मध्ये डंकन स्वतःच फ्रान्समधल्या कान (Cannes) शहरातील पिकासोच्या ‘ला कॅलिफोर्नी’ या बंगल्याच्या दाराशी गेले, पिकासोची सहचारिणी जॅकलीन रोक यांनी त्यांना आत घेतले आणि पिकासोने टबातूनच त्यांचे स्वागत केले. टबातला तो फोटो पहिल्याच भेटीतला आहे, त्यामुळे त्याचे श्रेय मी पिकासोच्या मोकळेपणाला अधिक देईन.

माशाच्या काट्याचे फोटो मात्र १९५७ मधले आहेत, आणि माझ्या मते खरे शिकण्यासारखे तिथेच आहे. त्या वर्षी डंकन त्या घरात महिनोन्‌महिने वावरले आणि जेवणाच्या टेबलावर घरच्यासारखे बसू लागले. त्यांनी बरोबर आणलेला लंप नावाचा डॅक्सहुंड कुत्रा तर पिकासोकडेच रमला. सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझ याच्या ‘लास मेनिनास’ या चित्रावरून पिकासोने त्या वर्षी जी चित्रमालिका केली, तिच्यात मूळच्या धिप्पाड कुत्र्याच्या जागी हा बुटका लंप आला. आपला कुत्रा ज्या घरात पायांशी झोपतो, त्या घरात आपल्याला कोण पाहुणा म्हणणार?

तुम्ही आठवडाभर कॅमेरा पिशवीतच ठेवा, सरांचे ब्रश धुऊन द्या, आणि फ्लॅश तर घरीच ठेवून जा. माळवदाच्या झरोक्यातून सकाळी येणारा उजेड पुरेसा असतो.

उत्तर २: चित्रकाराची लेक, नांदेड
दादा, मी घरच्या माणसांच्या बाजूने लिहिते. माझे वडीलही चित्रकार होते. एकदा एका छायाचित्रकाराने ते दुपारी बनियनवर, तोंड उघडे टाकून झोपलेले असताना फोटो काढला आणि कोणालाही न विचारता तो छापून आणला. वडिलांनी तो हसण्यावारी नेला, पण आई कितीतरी दिवस शेजारी जायला कचरत होती. परवानगी वडिलांची होती. आईला कोणी विचारलेच नव्हते.

डंकन यांचे फोटो मलाही फार आवडतात, पण ते एका जिवलग मित्राने काढलेले आहेत, हे विसरता येत नाही. पिकासोबरोबर दहा वर्षे काढलेल्या फ्रान्स्वाज जिलो १९५३ मध्ये मुलांना घेऊन निघून गेल्या होत्या. त्यांनी १९६४ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, तेव्हा ते पुस्तक रोखण्यासाठी पिकासो न्यायालयात गेला आणि हरला. स्नानाच्या वेळी कॅमेऱ्याला आत येऊ देणाऱ्या माणसाला त्या आठवणी मात्र लोकांसमोर नको होत्या. म्हणून त्या घरातले हसरे क्षण खरे मानूनही, दार कोणाच्या मर्जीने उघडत होते हे मी ध्यानात ठेवते. तुम्ही काकूंशी वेगळे बोला, छापण्याआधी प्रत्येक फोटो दोघांना दाखवा, आणि त्या नको म्हणतील तो फोटो बाजूला ठेवा.

उदगीरकर
ताई, काका, मनापासून आभार. काकूंची परवानगी घ्यायचे माझ्या मनातही आले नव्हते, याचे वाईट वाटते. सोमवारी कॅमेरा न घेता जाईन, आधी स्वयंपाकघराच्या दारात बसून काकूंशी बोलेन, आणि सरांनी हाक मारली तर घासलेटचा तांब्या भरून देईन.