पत्रकारितेसोबत कृत्रिम बुद्धिमत्ता शिकावी का?

मृण्मयी_कोथरूड
मी राज्यशास्त्र घेऊन कलाशाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभागात, प्रवेश घेण्याची माझी मनापासून इच्छा आहे. घरच्यांचे म्हणणे असे की बातम्या आता यंत्रेच लिहितात, त्यामुळे नुसत्या पत्रकारितेवर विसंबून राहू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दोन पूर्णवेळ पदव्या एकाच वेळी घेण्यास मुभा दिल्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेची दुसरी पदवीही सोबत करावी का? माझे गणित दहावीनंतर सुटले आहे, हेही सांगते.

जुना_उपसंपादक
मृण्मयीताई, एक अनुभव सांगतो. मागच्या एका पावसाळ्यात आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेल्या मुलाने धरणातील विसर्गाचे पत्रक एआयकडून नीटनेटके करून घेतले आणि तयार बातमी संपादकीय डेस्कवर पाठवली. भाषा स्वच्छ होती, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. परंतु पत्रकात ‘दहा हजार क्युसेक’ असे होते तिथे बातमीत ‘दहा टीएमसी पाणी सोडले’ असे आले होते. क्युसेक हा पाणी वाहण्याचा दर, सेकंदाला एक घनफूट. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाण्याचा साठा. दहा हजार क्युसेकने अखंड चोवीस तास पाणी सोडले तरी एक टीएमसी भरत नाही, आणि खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चारही धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसीच्या आसपास आहे. ती बातमी तशीच गेली असती, तर नदीकाठच्या माणसांनी रात्री मुलाबाळांना घेऊन घर सोडायचे की नाही, हे एका चुकीच्या आकड्यावर ठरवले असते. त्या मुलाला एआय उत्तम वापरता येत होते, पण पाटबंधारे खात्यात फोन लावून आकडा पडताळण्याची सवय नव्हती. म्हणून पाया पत्रकारितेचाच घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

संगणक_शिक्षक_औंध
वरील मताशी मी सहमत आहे, तरी एआय केवळ लिहिण्यासाठी असते हा समज दूर व्हायला हवा. पत्रकाराला त्याचा खरा उपयोग वाचण्यासाठी आहे. २०१६ च्या पनामा पेपर्समध्ये, म्हणजे परदेशी कंपन्यांआड दडवलेल्या पैशांविषयीच्या फुटलेल्या कागदपत्रांत, सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रे होती. स्कॅन केलेल्या पानांतील मजकूर यंत्राने ओळखून शोधण्याजोगा केला, तेव्हाच अनेक देशांतील पत्रकारांना त्यांतील नावे हुडकता आली. मराठीत तर हे काम अजून बरेचसे पडूनच आहे. युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची समान पद्धत येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमधील सरकारी पीडीएफमधून एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवून पाहा; अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात, आणि असा मजकूर शोधात कधीच सापडत नाही. मराठी नीट जाणणारा आणि थोडी पायथन ही संगणकाची प्रोग्रामिंग भाषा येणारा पत्रकार इथे जे करू शकेल, ते निव्वळ अभियंत्याला जमणार नाही.

गणिताची धास्ती घेऊ नका. सरासरी व मध्यक यांतला फरक, टक्केवारी, नमुना कसा निवडतात आणि यंत्राचे उत्तर किती वेळा चुकते हे कसे मोजायचे, एवढे संख्याशास्त्र पक्के झाले तरी बरेच काम होते.

मृण्मयी_कोथरूड
दोघांचेही मनापासून आभार. मग दुसरी पदवी नकोच, असे समजू का?

संगणक_शिक्षक_औंध
पहिल्या वर्षी तरी नको. दोन पदव्यांच्या तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, अशी आयोगाची अटच आहे; आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्याचे निम्मे शिक्षण वर्गाबाहेर होते, ती वेळ कोणत्याच वेळापत्रकात दिसत नाही. पायथन व संख्याशास्त्राचे अभ्यासक्रम स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचांवर विनामूल्य शिकता येतात.

जुना_उपसंपादक
सुट्टीतच सुरुवात करा. आपल्या प्रभागातील रस्तेदुरुस्तीच्या खर्चाची कागदपत्रे माहिती अधिकारात मागवा. अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. आलेले कागद आधी स्वतः वाचून आकडे वहीत उतरवा, मग तेच काम यंत्राकडून करून घ्या आणि दोन्ही ताडून पाहा. जिथे फरक पडेल तिथे त्या रस्त्यावर जाऊन या. काय सापडले ते इथे अवश्य लिहा, मी वाचेन.