मदत हवी आहे : टायमिंग कव्हरमधून ऑइल गळतंय

मंडळी, नमस्कार. मी सोलापूरजवळच्या मोहोळचा. आमच्या तीन सिलिंडरच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरचं पुढून, म्हणजे इंजिनच्या पुढच्या गिअरवरच्या झाकणातून (टायमिंग कव्हर) ऑइल गळतंय. उभा असला की चार थेंब, पण रोटाव्हेटर मारून आला की क्रँक पुलीखालचा भाग चिंब आणि फॅन बेल्टलाही ऑइल. त्यावर ज्वारीचा भुसा बसून असा काही चिखल होतो की विचारू नका.

मिस्त्रींनी टायमिंग कव्हरचं पॅकिंग आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील (फिरत्या भागाभोवती ऑइल अडवणारी रबरी रिंग) बदललं. पंधरा दिवस कोरडं, मग परत तेच! सगळं डिझेलने धुऊन, टाल्कम पावडर मारून इंजिन चालवलं, तर ओल सीलपाशीच आधी दिसते. पुलीच्या हबवर (सील बसतं तो मधला गोल भाग) सील घासून नखाला लागेल इतकी खाच पडलीय. ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) धूरही जरा जास्तच येतोय, म्हणजे आतला दाब ऑइल बाहेर ढकलतोय का?

खाचेवर पातळ स्लीव्ह (धातूची नळीसारखी रिंग) चढवावी, सील दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे बसवावं, की पुलीच बदलावी? स्लीव्ह बसवणारा चांगला लेथवाला सोलापुरात कुठे आहे? ऊस तोडणीला आलाय, लवकर सांगा.