मदत हवी आहे: स्कॅनिंगचे अ‍ॅप मुक्तस्रोत करायचे आहे, एमआयटी लायसन्स चालेल का?

गाठोडे

कागद आणि पुस्तकांची पाने स्कॅन करून त्यातला मजकूर ओळखणारे डेस्कटॉप अ‍ॅप पायथॉनमध्ये तयार आहे. रेपो (कोडचे भांडार) अजून खाजगी आहे, लायसन्सची फाइल टाकलेली नाही. आता सोर्स सार्वजनिक करायचा आहे. ज्यांना पायथॉन बसवणे जमत नाही त्यांच्यासाठी विंडोज आणि लिनक्सच्या तयार बायनरीही द्यायच्या आहेत. आत वापरलेला ऐवज असा:

- खिडक्या, बटणे: पायक्यूटी ५
- पीडीएफ उघडणे, पानाची प्रतिमा काढणे, शेवटी मजकुराचा थर घालणे: पायम्यूपीडीएफ
- पान सरळ करणे: ओपनसीव्ही, पिपने बसवलेले
- अक्षरओळख: टेसरॅक्ट
- सोबत दिलेला फॉन्ट: ओएफएल १.१ (फॉन्टसाठीचे मुक्त लायसन्स)
- आयकॉन: क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एनसी
- पानाच्या कडा शोधणारे ४०-एक ओळींचे फंक्शन: स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या २०१४च्या उत्तरातून घेतलेले
- दोन मित्रांनी पाठवलेले काही पॅच

बायनरी पायइन्स्टॉलरने बनते, एकच फाइल.

सगळ्याला एमआयटी (बंदिस्त उत्पादनातही कोड वापरू देणारे मोकळे लायसन्स) लावावे असा विचार आहे. चालेल का? कोणी हे अ‍ॅप विकू नये अशी अट घालता येते का? मित्रांकडून लेखी काही घ्यावे लागेल का? आणि ही कामे कोणत्या क्रमाने करावीत?

टंकाळी

या यादीसह सगळ्याला एमआयटी नाही चालणार. बायनरीचे लायसन्स आपल्या आवडीवर ठरत नाही, आत काय बांधले आहे त्यावर ठरते. तुमच्या यादीतल्या दोन गोष्टी इथे निर्णायक आहेत.

पायक्यूटी ५ जीपीएल (वाटताना सोर्सही त्याच अटींवर द्यायला लावणारे लायसन्स) आवृत्ती ३ खाली किंवा पैसे देऊन व्यावसायिक लायसन्सखाली मिळते. पायम्यूपीडीएफ एजीपीएल (जीपीएलसारखेच, पण सर्व्हरवर सेवा म्हणून चालवतानाही लागू होणारे) आवृत्ती ३ खाली किंवा पैसे देऊन. जीपीएल ३च्या कलम १३ मुळे हे दोन्ही एकत्र बांधायला हरकत नाही, पण तयार होणारी बायनरी एकंदरीत जीपीएल-एजीपीएलच्या अटींखालीच वाटावी लागते. तुम्ही स्वतः लिहिलेल्या फायलींवर एमआयटी ठेवता येते, कारण एमआयटी जीपीएलशी सुसंगत आहे. गोंधळ होतो तो पुढच्या माणसाचा. रीडमीमध्ये एमआयटी वाचून तो बायनरी उचलतो, बंदिस्त उत्पादनात घालतो आणि नकळत जीपीएल मोडतो. म्हणून दोन सरळ वाटा आहेत.

पहिली: आहे तसे ठेवा आणि पूर्ण प्रकल्प जीपीएल ३ किंवा नंतरची आवृत्ती असा जाहीर करा, सोबत पायम्यूपीडीएफचा भाग एजीपीएल आहे हे लिहा. लायब्रऱ्यांसाठी एक ओळही बदलावी लागत नाही.

दुसरी: एमआयटीच हवे असेल तर ती दोन लायब्रऱ्या बदला. पायक्यूटीच्या जागी पायसाइड ६ (एलजीपीएल ३, म्हणजे जीपीएलचा सौम्य प्रकार, अटी लायब्ररीपुरत्या). पायम्यूपीडीएफच्या जागी पायपीडीफियम २ (अपाचे २.० किंवा बीएसडी, दोन्ही एमआयटीसारखी मोकळी, आपण निवडायचे).

पायसाइडचे काम बरेचसे शोध-बदलाचे आहे. पायक्यूटी-सिग्नल आणि पायक्यूटी-स्लॉट या नावांतला 'पायक्यूटी' जातो, नुसते सिग्नल आणि स्लॉट उरतात. क्यूअ‍ॅक्शन हा क्लास विजेट्स मॉड्यूलमधून जीयूआय मॉड्यूलमध्ये गेला आहे, तिथे इम्पोर्ट हमखास तुटतो. एक्झेकनंतरची अधोरेषा काढा. क्यूडेस्कटॉपविजेट क्यूटी ६ (पायसाइड ६च्या मुळाशी असलेली लायब्ररी) मधून काढून टाकला आहे, पडद्याचा आकार आता क्यूस्क्रीनकडून घ्यावा लागतो. हाय-डीपीआय आपोआप चालू असते, त्यासाठी घातलेल्या जुन्या ओळी काढून टाका.

पीडीएफची बाजू जरा जास्त विचार मागते. पायम्यूपीडीएफमध्ये प्रतिमा काढताना थेट ३०० डीपीआय सांगता येते. पायपीडीफियममध्ये स्केल द्यावे लागते आणि पीडीएफचे एकक इंचाला ७२ असते, म्हणून ३०० भागिले ७२, म्हणजे साधारण ४.१७. हे विसरले तर ७२ डीपीआयची पुसट प्रतिमा टेसरॅक्टला जाते, निकाल खराब येतो आणि दोष टेसरॅक्टवर ढकलला जातो. मजकुराचा अदृश्य थर स्वतः घालायची गरजच नाही: टेसरॅक्ट प्रत्येक पानाची शोधता येणारी पीडीएफ स्वतः काढून देतो. ती पाने पायपीडीएफने (बीएसडी) किंवा पाइकपीडीएफने (एमपीएल २.०) एकत्र जोडा.

टेसरॅक्ट आणि त्याचा प्रशिक्षित डेटा अपाचे २.० खाली आहे, त्याची काळजी नको.

पायवाट

विक्रीच्या प्रश्नावर. 'विकू नये' ही अट घातली की ते मुक्तस्रोत राहत नाही. मुक्तस्रोताच्या व्याख्येतला पहिलाच मुद्दा सांगतो की लायसन्सने सॉफ्टवेअरची विक्री अडवता कामा नये आणि सहावा सांगतो की वापराच्या कुठल्याही क्षेत्राला मज्जाव करता कामा नये. व्यवहारातला परिणाम असा की डेबियन, फेडोरा यांच्या मुख्य भांडारांत असे अ‍ॅप घेतले जात नाही आणि इतर मुक्त प्रकल्प तुमचा कोड वापरू शकत नाहीत.

तुम्हाला खरी भीती कशाची आहे ते आधी ठरवा. कोणी कोड घेऊन, दडवून, स्वतःचा म्हणून विकेल ही भीती असेल तर जीपीएल त्यासाठीच आहे: विकणाऱ्यालाही ग्राहकाला सोर्स द्यावा लागतो आणि तो ग्राहक पुढे फुकट वाटू शकतो. कोणी सर्व्हरवर चढवून सेवा म्हणून चालवेल ही भीती असेल तर एजीपीएल. तुमच्या नावाने भलतेच काही खपवेल ही भीती असेल तर ते काम लायसन्सचे नाही, नाव आणि चिन्हाचे आहे. रीडमीमध्ये वेगळा परिच्छेद लिहा: कोड घ्या, पण बदललेली आवृत्ती वेगळ्या नावाने काढा. अपाचे २.० मध्ये तर ट्रेडमार्कची परवानगी मिळत नाही हे कलम ६ मध्ये स्पष्टच लिहिले आहे.

एमआयटी आणि अपाचे यांत निवडायचे असेल तर माझे मत अपाचेच्या बाजूने. त्यात पेटंटची परवानगी शब्दांत दिलेली आहे, एमआयटीत पेटंटचा उल्लेखच नाही. एकच अडचण: अपाचे २.० चा कोड 'फक्त जीपीएल २' असलेल्या प्रकल्पात जात नाही, जीपीएल ३ मध्ये जातो.

उंबरठा

उरलेल्या तुकड्यांबद्दल, कारण रिलीज अडकते ती यांच्यापायी.

स्टॅक ओव्हरफ्लोचे उत्तर २०१४चे आहे, म्हणजे ते क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए (श्रेय द्या, बदल त्याच लायसन्सखाली वाटा) ३.० खाली येते. ४.० लागू होते ते मे २०१८ पासूनच्या मजकुराला. हा फरक कामाचा आहे: ४.० मधला मजकूर जीपीएल ३ मध्ये एकदिशेने नेता येतो, ३.० मधला नाही. एमआयटीत तर दोन्ही जात नाहीत. ४० ओळी म्हणजे चिल्लर नव्हे. ते फंक्शन काढा आणि ओपनसीव्हीचे अधिकृत दस्तऐवज समोर ठेवून नव्याने लिहा: कॅनीने कडा, मग कंटूर, त्यांतला सर्वांत मोठा चौकोन, मग पर्स्पेक्टिव्ह ट्रान्सफॉर्म. पद्धतीवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या ओळींवर असतो. जुन्या ओळी समोर ठेवून चलांची नावे बदलणे म्हणजे नव्याने लिहिणे नाही.

आयकॉनमधले एनसी म्हणजे व्यापारी वापराला बंदी. पायवाट यांनी लिहिलेला अडथळा तसाच इथे येतो, फक्त मागच्या दाराने. टॅबलर (एमआयटी) किंवा मटेरियल सिम्बॉल्स (अपाचे २.०) यांतले घ्या.

फॉन्ट ठीक आहे. ओएफएलमध्ये फॉन्ट एकटा विकता येत नाही, सॉफ्टवेअरसोबत देता येतो. कॉपीराइटची ओळ आणि ओएफएलचा मजकूर बरोबर हवा. आकार कमी करायला त्यातली अक्षरे वगळली असतील आणि मूळ फॉन्टने आपले नाव राखीव ठेवले असेल, तर मात्र तुमच्या आवृत्तीचे नाव बदलावे लागेल.

ओपनसीव्हीकडे कोणी पाहिले नाही. स्वतः ओपनसीव्ही ४.५ पासून अपाचे २.० आहे, पण पिपवरून येणाऱ्या पॅकेजच्या पोटात एफएफएमपेग ही व्हिडिओची लायब्ररी (एलजीपीएल २.१) असते आणि लिनक्सच्या साध्या पॅकेजमध्ये क्यूटी ५ सुद्धा. पिप-लायसन्सेससारखे साधन फक्त पॅकेजची जाहीर माहिती वाचते, पोटातले दाखवत नाही. म्हणून बांधणी झाल्यावर आउटपुट फोल्डर उघडून डीएलएल आणि एसओ फायली एकेक करून पाहाच. ओपनसीव्हीचे 'हेडलेस' पॅकेज घ्या, खिडक्या तुम्ही वेगळ्या दाखवताच आहात. क्यूटीच्या दोन आवृत्त्या एकत्र आल्या की लिनक्सवर 'एक्ससीबी प्लगइन लोड झाले नाही' म्हणून अ‍ॅप सुरूच होत नाही, तेही टळेल.

गाठोडे

सर्वांचे आभार. दुसरी वाट घेतो: पायसाइड ६, पायपीडीफियम, हेडलेस ओपनसीव्ही, स्वतःच्या कोडला अपाचे २.०. कडा शोधणारे फंक्शन आणि आयकॉन दोन्ही बदलतो. पण पायसाइड एलजीपीएल आहे, मग पायइन्स्टॉलरची एकच फाइल चालेल का? आणि खुद्द पायइन्स्टॉलर जीपीएल आहे, त्याचे काय?

कडीकोयंडा

पायइन्स्टॉलर जीपीएल २ असला तरी त्याला खास सवलत जोडलेली आहे, त्याने बांधलेल्या अ‍ॅपला कोणतेही लायसन्स लावता येते. एकच फाइल मात्र चालणार नाही. एलजीपीएलमध्ये वापरणाऱ्याला लायब्ररीची बदललेली आवृत्ती घालता आली पाहिजे. 'वन-डिर' पद्धतीने फोल्डर द्या, म्हणजे क्यूटीच्या फायली सुट्या राहतात.

टंकाळी

कडीकोयंडा, ही अट बंद सोर्सच्या अ‍ॅपला जाचते. एलजीपीएल ३चे कलम ४ दोन पर्याय देते: लायब्ररी सुटी, बदलता येईल अशी ठेवा, किंवा पुन्हा जोडणी करता येईल असे अ‍ॅपचे साहित्य द्या. इथे पूर्ण सोर्स आणि बांधणीची स्पेक फाइल सार्वजनिक असणार, त्यामुळे एकच फाइलही नियमात बसते. तरी फोल्डरच द्या असे मी म्हणेन, पण कारण वेगळे: एकच फाइल दर वेळी तात्पुरत्या जागी उलगडते, सुरू व्हायला वेळ घेते आणि विंडोजवर अँटिव्हायरस तिच्यावर जास्त वेळा संशय घेतात.

सहसा राहून जाते ते हे. बायनरी तुम्ही वाटता, म्हणजे क्यूटी आणि पायसाइडचा, तसेच पोटात आलेल्या एफएफएमपेगचा सोर्स मिळवून देण्याची जबाबदारीही तुमची. बायनरीच्या शेजारी नेमक्या त्याच आवृत्तीच्या सोर्सचा दुवा ठेवा. क्यूटीसाठी दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा दुवा चालतो, पण तो बंद पडला तर सोय तुम्हालाच करावी लागते. म्हणून सगळ्यांच्या टारबॉलची (सोर्सच्या गठ्ठा-फाइलीची) एक प्रत आपल्याकडे ठेवाच. एफएफएमपेगची तर स्वतःच्या रिलीजमध्येच जोडा, कारण दुसऱ्याच्या सर्व्हरची सवलत एलजीपीएल २.१ मध्ये लिहिलेली नाही.

पायवाट

मित्रांचे पॅच: प्रत्येकाच्या ओळींवर त्याचा स्वतःचा कॉपीराइट आहे आणि रेपोत लायसन्स नव्हते, त्यामुळे तोंडी होकारावर जाऊ नका. दोघांना ईमेल करा, उत्तरात एवढे वाक्य पुरते: "या प्रकल्पातील माझ्या आजवरच्या सर्व योगदानास अपाचे लायसन्स २.० लागू करण्यास माझी संमती आहे." त्यांनी ते नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिले असेल तर हक्क मालकाचा असू शकतो, तेव्हा संमती कंपनीकडून हवी. पुढच्या योगदानांसाठी डीसीओ (हा कोड द्यायचा हक्क मला आहे असे जाहीर करणारी सही) ठेवा: कमिट करताना छोट्या 'एस'चा पर्याय दिला की साइन्ड-ऑफ-बायची ओळ आपोआप येते. लांबलचक करारापेक्षा ते बरे, नवा माणूस बिचकत नाही.

आता क्रम. संमतीची ईमेल आजच पाठवा, उत्तरांना वेळ लागतो. दरम्यान लायब्रऱ्या, फंक्शन आणि आयकॉन बदला. मग अपाचेचा पूर्ण मजकूर एक अक्षरही न बदलता लायसन्स फाइलमध्ये टाका आणि प्रत्येक सोर्स फाइलच्या माथ्यावर एसपीडीएक्सच्या (लायसन्स लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) दोन ओळी, एक कॉपीराइटची, एक लायसन्सची. हाताने करत बसू नका, 'रीयूज' नावाचे साधन त्या ओळी घालून देते आणि त्याचीच लिंट आज्ञा कोणती फाइल राहिली ते सांगते. प्रतिमा आणि फॉन्टमध्ये ओळ घालता येत नाही, त्यांच्याशेजारी डॉट-लायसन्स नावाची छोटी फाइल ठेवतात.

जुन्या इतिहासात एनसी आयकॉन आणि ते ४० ओळींचे फंक्शन राहतीलच. रेपो सार्वजनिक केला की तो इतिहासही वाटला जातो. अजून खाजगी आहे तोवर गिट फिल्टर-रेपोने त्या फायली इतिहासातून काढा. फंक्शन इतर कोडच्या फाइलीत मिसळले असेल तर सरळ नव्या रेपोत एका स्वच्छ कमिटने सुरुवात करा आणि मित्रांची नावे ऑथर्स फाइलमध्ये लिहा.

उंबरठा

बांधणीबद्दल एक जोड. पायइन्स्टॉलर इतरांच्या लायसन्सचे मजकूर आपणहून गोळा करत नाही. एमआयटी, बीएसडी, अपाचे या सगळ्यांची अट आहे की प्रतीबरोबर त्यांचा मजकूर गेला पाहिजे, आणि अपाचेवाल्या पॅकेजमध्ये नोटीस फाइल असेल तर तीही. 'थर्ड-पार्टी लायसन्सेस' असा फोल्डर करा, पॅकेजमागे एक फाइल, आणि स्पेक फाइलमधल्या 'डेटाज' यादीत तो जोडा. अ‍ॅपच्या 'विषयी' खिडकीत त्याचा दुवा द्या.

आवृत्त्या गोठवूनच बांधा आणि त्याच कमिटला टॅग लावा. नाहीतर सहा महिन्यांनी कोणी 'या बायनरीचा सोर्स द्या' म्हटले तर पायसाइडची नेमकी कोणती आवृत्ती आत होती ते शोधत बसावे लागते. शेवटी पायथॉन नसलेल्या कोऱ्या मशीनवर झिप उलगडा, अ‍ॅप चालते का पाहा, आणि लायसन्सचा फोल्डर खरोखर आत आला आहे का तेही पाहा. पायइन्स्टॉलर ६ पासून या फायली मुख्य फोल्डरऐवजी 'इंटर्नल' नावाच्या उपफोल्डरमध्ये जातात, 'विषयी' खिडकीतला दुवा तिथे वळवावा लागेल.