हॅरी ग्रे साध्या धातुसंकुलांकडून (धातूच्या अणूभोवती इतर रेणू किंवा आयन जोडलेल्या संयुगांकडून) प्रथिनांकडे कसे वळले?

एमएस्सी_अंतिमवर्ष:
असेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत असून पीएच.डी.साठी धातुयुक्त प्रथिनांचा विषय घ्यावा असे मनात आहे. त्या निमित्ताने अमेरिकेतील कॅलटेक विद्यापीठाच्या हॅरी ग्रे यांच्याविषयी वाचताना एक गोष्ट उलगडत नाही. १९६२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ बालहाउझेन यांच्यासह व्हॅनडिल (व्हॅनेडियम व ऑक्सिजन यांच्या) आयनाच्या इलेक्ट्रॉनी रचनेवर शोधनिबंध लिहिणारे ग्रे सायटोक्रोमसारख्या (पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या लोहयुक्त प्रथिनासारख्या) अवाढव्य रेणूंकडे कसे वळले? त्यासाठी त्यांना जीवशास्त्र नव्याने शिकावे लागले असेल, की जुन्याच विद्येवर भागले?

नीलताम्र:
बरेचसे जुन्याच विद्येवर भागले, असे माझे मत आहे. प्रथिनांमध्ये सायटोक्रोम सी तसे लहानखुरेच, अवघ्या १०४ अमिनो आम्लांचे. पण तो मुद्दा बाजूला ठेवू.

आधी निळ्या ताम्रप्रथिनांकडे, म्हणजे तांबे असलेल्या निळ्या प्रथिनांकडे पाहा. ॲझुरिन किंवा प्लास्टोसायनिन यांचा निळा रंग साध्या ताम्रक्षारांच्या मानाने कितीतरी गडद असतो. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात तांब्याच्या जागी कोबाल्ट बसवून वर्णपट (कोणत्या ऊर्जेचा प्रकाश किती शोषला जातो याचे आलेख) घेतले, आणि शोषणाचा पट्टा अधिक ऊर्जेकडे सरकल्यावरून तो गंधकाकडून धातूकडे होणाऱ्या प्रभार-स्थानांतरणाचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सरकण्याचा, असल्याचे मांडले. १९७८ मध्ये सिडनीच्या हान्स फ्रीमन यांच्या गटाने प्लास्टोसायनिनची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा तांब्याला सिस्टीन या अमिनो आम्लाचे गंधक खरोखरच जोडलेले दिसले. ही सारी करामत वर्णपट वाचण्याची होती, आणि ती विद्या ग्रे व्हॅनडिलच्या दिवसांपासूनच बाळगून होते.

१९८२चा रुथेनियमचा प्रयोग मात्र मला त्याहून मोठा वाटतो. घोड्याच्या हृदयातील सायटोक्रोम सी मध्ये हिस्टिडीन हे अमिनो आम्ल तीनच ठिकाणी असते: १८ क्रमांकाचे हीममधील (प्रथिनातील लोहधारी गटातील) लोहाला जखडलेले, २६ क्रमांकाचे आत दडलेले, आणि ३३ क्रमांकाचे तेवढे पृष्ठभागावर उघडे. त्यामुळे पेंटाअमाइन रुथेनियम (पाच अमोनिया जोडलेला रुथेनियम धातू) नेमके तिथेच जाऊन बसते आणि ऑक्सिडीकरण स्थिती बदलली तरी जागा सोडत नाही. मग प्रकाशाच्या झोताने रुथेनियमवर इलेक्ट्रॉन आणायचा आणि तो हीमपर्यंत पोहोचायला किती वेळ घेतो ते वर्णपटावरून मोजायचे. सुमारे १.२ नॅनोमीटर अंतरासाठी वेग निघाला सेकंदाला तीस हस्तांतरणांच्या आसपास. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात इसीड यांनीही त्याच सुमारास असाच प्रयोग केला होता, ज्याचा उल्लेख पुष्कळदा राहून जातो.

पल्ला:
प्रयोगाचे वर्णन मान्य, परंतु "जुन्याच विद्येवर" हे मला पटत नाही. खरा प्रश्न पुढे उभा राहिला: इलेक्ट्रॉन प्रथिनातून टनेलिंगने (ऊर्जेचा अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही त्यातून आरपार) जातो, तेव्हा मधल्या बंधांची मांडणी महत्त्वाची, की केवळ अंतर? पेनसिल्व्हेनियाच्या लेस्ली डटन यांनी १९९२ मध्ये सरसकट एकच ऱ्हासांक (अंतराबरोबर वेग किती झपाट्याने घटतो ते सांगणारा आकडा) पुरेसा मानला, दर आंगस्ट्रॉमला (नॅनोमीटरच्या दहाव्या भागाला) १.४, ग्रे यांच्या गटाला ॲझुरिनच्या बीटा-पट्ट्यांतून (साखळीच्या ताणलेल्या घड्यांतून) १.१ मिळाला. फरक किरकोळ दिसतो, पण घातांकात बसवून पाहा: अंतर एक नॅनोमीटरने वाढले की वेग पहिल्या हिशेबाने सुमारे बारा लाख पटींनी घटतो, दुसऱ्याने साठ हजार पटींनी. हा वाद प्रथिनाच्या घडीत शिरल्याशिवाय लढता येत नाही, आणि बेरातान व ओनुचिक यांची मार्गांची कल्पना (इलेक्ट्रॉन बंधांच्या ठरावीक वाटेने जातो ही) हाताशी घेऊन ग्रे त्यात पुरते शिरले.

एमएस्सी_अंतिमवर्ष:
दोघांचेही आभार. पण शरीरातील कित्येक प्रथिनांत अंतरे दोन नॅनोमीटरपेक्षा जास्त असतात. मग तिथे इलेक्ट्रॉन वेळेत पोहोचतो कसा?

पल्ला:
टप्प्याटप्प्याने. २००८ मध्ये ग्रे व विंकलर यांच्या गटाने ॲझुरिनवर ऱ्हेनियम धातू बसवून दाखवले, की वाटेत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असेल तर सुमारे १.९ नॅनोमीटरचा प्रवास एका उडीच्या मानाने शेकडो पटींनी जलद होतो. २०१५ मध्ये त्या दोघांनी असेही सुचवले, की ऑक्सिजन हाताळणाऱ्या एन्झाइममध्ये टायरोसीन (आणखी एक अमिनो आम्ल) व ट्रिप्टोफॅन यांच्या साखळ्या असतात त्या चुकार ऑक्सिडीकरण सक्रिय स्थानापासून पृष्ठभागाकडे वाहून नेण्यासाठी, म्हणजे एन्झाइम स्वतःच जळू नये म्हणून. पीएच.डी.चा विषय शोधत असाल तर १.४ विरुद्ध १.१ यापेक्षा इथे अधिक वाव आहे.