हॅरिस पुलाच्या दोन्ही बाजूंनी बघा

काही जण म्हणतात की पूर टाळायला पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी आपापले नाले साफ केले तरी पुरे. मला हे अजिबात पटत नाही. हॅरिस पुलावर उभं राहिलं की एका हाताला पुण्याची बोपोडी, दुसऱ्या हाताला पिंपरी-चिंचवडची दापोडी. महापालिका दोन, पण मुळा नदी एकच. पवनाही दापोडीजवळच तिला मिळते. नदी फुगली की नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि पाणी उलटं वस्तीत शिरतं. तेव्हा गाळ काढलेला नालाही काही कामाचा नाही! त्यात हिंजवडी तर दोन्ही महापालिकांच्या बाहेर. पूररेषा, भराव आणि धरणांचा विसर्ग यांचा आराखडा पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि जलसंपदा विभागाला सोबत घेऊन एकत्रच करायला हवा, आणि तोही पुढच्या पावसाळ्याआधी.