अब्दालीचा नातू इंग्रजांच्या पेन्शनवर? शाह शुजाबद्दल विचारायचं आहे

मखमलाबादची लेक:
रविवारी वडिलांना घेऊन आनंदवल्लीला नवश्या गणपतीला गेले होते. तिथे राघोबादादांचा विषय निघाला. मग अटक, मग पानिपत, मग अब्दाली. वडील म्हणाले, "त्याचा नातू लुधियान्यात इंग्रजांच्या तुकड्यावर जगला. देवानं न्याय केला." घरी येऊन वाचलं. नाव शाह शुजा, सदोझाई घराण्यातला. १८०३ साली काबूलच्या गादीवर आला, १८०९ साली गादी गेली. तीस वर्षांनी परत मिळाली आणि १८४२ मध्ये मारला गेला. बहुतेक ठिकाणी त्याला इंग्रजांचं बाहुलं म्हटलंय. तो खरंच एवढाच होता का? नीट माहिती असणाऱ्यांनी सांगावं.

पंचवटीकर:
बाहुलंच म्हणायचं. १८३८ मध्ये कंपनी आणि रणजितसिंहाबरोबर करार केला, पुढच्या वर्षी त्यांच्या फौजेबरोबर कंदाहार, गझनी करत काबुलात शिरला. परक्यांच्या संगिनींवर आलेल्या राजाला प्रजा आपला कशी मानेल?

जुने मास्तर, गंगापूर:
ताई, एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पानिपताचा धडा शिकवताना दर वर्षी गळा दाटायचा, कारण विश्वासरावांच्या आई गोपिकाबाई आमच्या या गंगापुरात येऊन राहिल्या होत्या. तरीही शुजाच्या हालांना मी न्याय म्हणणार नाही.

पंचवटीकरांचा मुद्दा १८३९ पुरता खरा आहे. पण माणूस मोजायचा तर १८०३ पासून मोजा. त्याचा सख्खा भाऊ झमान शाह आधी गादीवर होता. सावत्र भाऊ महमूदनं त्याचे डोळे काढले आणि राज्य घेतलं. दोन वर्षांनी शुजानं महमूदला हरवून कैद केलं. त्या घराण्याच्या रीतीप्रमाणे आता महमूदचे डोळे जायचे. शुजानं ते काढले नाहीत. तोच महमूद पुढे कैदेतून निसटला आणि १८०९ मध्ये निमल्याच्या लढाईत त्यानं शुजाला देशोधडीला लावलं. दया केली म्हणून राज्य गेलं असा राजा नुसतं बाहुलं कसा?

पुढचे हाल वाचवत नाहीत. स्वतःच्याच सरदारांनी धरून आधी अटकेच्या किल्ल्यात, मग काश्मिरात कोंडलं. ज्या अटकेचं नाव आपण अभिमानानं घेतो, तीच ही अटक. त्याची बेगम वफा लाहोरात होती. नवऱ्याला सोडवून आणा, कोहिनूर देते, असा शब्द तिनं रणजितसिंहाला दिला. १८१३ मध्ये शुजा सुटून लाहोरला आला, हिरा गेला आणि पुन्हा पहारा बसला. तिथूनही बेगम आधी निसटून लुधियान्याला पोचली, मग तो. आंधळा झमानही शेवटी तिथेच. मला या सगळ्यात राजापेक्षा ही बाईच मोठी वाटते.

आता नाशिककरांनी लक्ष द्यावं अशी गोष्ट. १८०९ साली गादी जाण्याच्या थोडं आधी पेशावरच्या दरबारात शुजाला भेटायला कंपनीचा वकील गेला होता. शुजाच्या दंडावर कोहिनूर होता, हे त्यानंच लिहून ठेवलंय. तो वकील म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. दोन वर्षांनी हाच पुण्याला रेसिडेंट म्हणून आला आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली ती याच्याच कारभारात. आनंदवल्लीच्या राघोबादादांचा मुलगा दुसरा बाजीराव आठ लाखांच्या पेन्शनवर बिठूरला गेला. त्याच लढाईत त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा नाशिकचा हिरा इंग्रजांच्या हाती पडून लंडनला विकला गेला. अटकेकडे गेलेल्याचा मुलगा बिठूरला, पानिपतावर आलेल्याचा नातू लुधियान्याला. आपण कुणाला हसायचं?

फरक एवढाच की शुजानं गादीची आशा सोडली नाही. १८३३-३४ मध्ये स्वतः फौज उभी करून कंदाहारपर्यंत धडकला आणि हरला. मग कंपनीचा हात धरला. ती त्याची मोठी चूक, हे मीही मानतो.

मखमलाबादची लेक:
मास्तर, खूप आभार. काबुलात इंग्रज फौजेचा सेनापती एल्फिन्स्टनच होता ना? तो हाच का?

जुने मास्तर, गंगापूर:
नाही, तो विल्यम, याचा चुलतभाऊ. आजारी आणि म्हातारा. नोव्हेंबर १८४१ मध्ये काबूल उठलं, जानेवारीत त्यानं माघार घेतली. सैनिक आणि त्यांच्या मागची माणसं मिळून सोळा हजार, त्यांत बहुतेक आपल्या देशातले शिपाई, भिस्ती, मोतद्दार. बर्फात आणि खिंडींत संपले. त्यांच्यासाठी कुणी रडलं नाही म्हणून हे मुद्दाम लिहितो. शुजा मात्र गेला नाही. बाला हिसार किल्ल्यात तीन महिने टिकून राहिला. एप्रिल १८४२ मध्ये जलालाबादवर चालून जाण्यासाठी किल्ल्याबाहेर पडला आणि वाटेत दबा धरून बसलेल्यांनी गोळ्या घातल्या.

पंचवटीकर:
महमूदचे डोळे काढले नाहीत हे मला माहीत नव्हतं. बाहुलं हा शब्द मागे घेतो. करार चुकलाच, एवढं ठेवतो.

मखमलाबादची लेक:
वडिलांना सगळं वाचून दाखवलं. भावाचे डोळे वाचवल्याचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. येत्या रविवारी गंगापूरला जाऊ म्हणालेत, गोपिकाबाई राहायच्या तिकडे.