मालिकेचा अख्खा सीझन: डीव्हीडी ठेवायची की देऊन टाकायची?

हरभटरोड

घर आवरायला काढलं की पहिली कुऱ्हाड डीव्हीडींवर पडते. सांगलीत ओळखीच्या कितीतरी घरांतून खोकी भरभरून भंगारात गेलेली पाहिलीत, आणि त्यात मालिकांचे पूर्ण सीझन होते. जीव तुटतो, म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं: जी मालिका तुम्हाला मनापासून आवडते तिचा सीझन डीव्हीडीवर असेल तर तो टाकू नका. आणि पुन्हा बघायचा झाला तर त्यावरूनच बघा.

'द वायर' घ्या. बाल्टिमोर शहरातले पोलीस, गर्दचा धंदा, बंदरावरचे कामगार, महापालिकेचं राजकारण, शाळा, वर्तमानपत्र. दर सीझनला शहराचा एक नवा थर उघडतो. २००२ ते २००८ या काळात एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर झालेली, पाच सीझन आणि एकूण ६० भागांची मालिका. ती जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीत (रुंदी ४ तर उंची ३) बनवली होती, आणि रुंद टीव्ही घरोघर आले तरी करणाऱ्यांनी शेवटच्या भागापर्यंत तीच चौकट ठेवली. डीव्हीडीवर तीच आहे. २०१४ मध्ये एचबीओनं मूळ फिल्मवरून एचडी आवृत्ती काढली आणि ती १६:९ केली. ओटीटीवर दिसते ती ही रुंद केलेली. मालिकेचा कर्ता डेव्हिड सायमन यानं तेव्हाच लिहिलं होतं की रुंद चौकटीत काही प्रसंग खुलतात, तर काहींचं नुकसान होतं. मला ते नुकसान जास्त दिसतं. दोन माणसं अरुंद चौकटीत एकमेकांसमोर अडकलेली असतात. बाजूला भिंत आणि रिकामी खुर्ची दिसायला लागली की त्यांच्यातला ताण सैल होतो.

दुसरी गोष्ट मालकीची. ३१ मार्च २०२३ ला एचबीओच्या मालिका हॉटस्टारवरून गेल्या. मे महिन्यात जिओसिनेमावर आल्या. मधल्या काळात महिन्याचे पैसे भरूनही माणूस अर्ध्यावर सोडलेला सीझन पुरा करू शकत नव्हता. कपाटातली डीव्हीडी कुणाच्या करारावर चालत नाही.

तिसरं, एका डिस्कवर दोन-तीन भाग असतात. ते संपले की उठावं लागतं. त्या उठण्यात आपण काय पाहिलं यावर घरात दोन शब्द बोलले जातात. ओटीटीवर पुढचा भाग आपोआप सुरू होतो आणि बोलणं राहूनच जातं.

मिरजजंक्शन

दादा, कळकळ पोचली, पण मुद्दा पटला नाही.

आधी चित्राचं बोलू. आपल्याकडच्या पाल (PAL, इथल्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. एचडीचं १९२० गुणिले १०८०, वीस लाखांच्या वर. बरोबर पाचपट. २१ इंची डब्यावर फरक कळत नव्हता. आता घरोघर ४३ आणि ५५ इंची टीव्ही आहेत, त्यावर डीव्हीडी लावली की माणसांचे चेहरे पुसट होतात. 'द वायर' ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालीय. त्या फिल्मवर जे टिपलं गेलं त्यातलं कितीतरी डीव्हीडीत उतरलेलंच नाही. मग मूळ कशाला म्हणायचं?

आणि पाल डीव्हीडीचा वेगही मूळचा नसतो. फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी धावते, पाल २५ चित्रांनी. म्हणून फिल्मवरची मालिका पालमध्ये साधारण चार टक्के वेगानं पळवतात. ५८ मिनिटांचा भाग ५६ मिनिटांच्या आत आटोपतो आणि आवाजाची पट्टीही किंचित वर जाते. तुम्ही चौकटीच्या कडा जपताय, पण नटाचा आवाज आणि थांबे बदललेत त्याचं काय?

अमेरिकेतली डीव्हीडी घेतली तर वेगाचा प्रश्न येत नाही, पण ती रीजन १ ची (डीव्हीडीसाठी जगाचे भाग पाडलेत, ते रीजन). आपण रीजन ५. इथला साधा प्लेअर ती डिस्क परत बाहेर ढकलतो. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, तोही पाचच वेळा. शेवटी ठेवाल तिथंच अडकून बसतो.

मारुती_चौक

चित्राचं तुमचं तुम्ही ठरवा. मी टिकण्याबद्दल सांगतो, कारण ते डोळ्यांनी पाहिलंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट गाठलं तेव्हा आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं होतं. ओसरल्यावर आत गेलो तर पुस्तकांचा लगदा. गाद्या, फ्रिज, मुलीची पेटी, सगळं गेलेलं. डीव्हीडींची कागदी कव्हरं फुगून एकमेकांना चिकटली होती. मी खोकंच बाहेर टाकायला निघालो होतो. बायको म्हणाली, धुऊन तर बघू. साध्या स्वच्छ पाण्यानं गाळ सोडवला. मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसल्या. गोल गोल पुसायचं नाही, कारण गोल ओरखडा माहितीच्या रेघेला धरून जातो आणि एका जागचं बरंच काही एकदम जातं. मग सावलीत वाळवल्या. कंपनीच्या छापील डिस्क जवळजवळ सगळ्या चालल्या. घरी कॉपी केलेल्या बहुतेक गेल्या.

त्याला कारण आहे. छापील डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन पॉलिकार्बोनेटच्या चकत्या एकमेकींवर चिकटवलेल्या, आणि माहितीचा थर मध्ये. पाणी सहजी तिथवर पोचत नाही. सीडीत तो थर वरच्या बाजूला, लेबलच्या अगदी खाली असतो, म्हणून ती लवकर मरते. घरी रेकॉर्ड करायच्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो. तो उन्हानं आणि उष्म्यानं आपोआप बिघडतो, पूर यायची गरज नाही.

तर फेकायच्या आधी बघा, छापील कुठली आणि कॉपी कुठली. कॉपी खुशाल जाऊ द्या.

मिरजजंक्शन

काका, तुमच्या घरचं ऐकून वाईट वाटलं. त्या आठवड्यात आम्हीही नातेवाइकांना मिरजेत आणलं होतं. तरी एक बोलतो. त्याच पुरात ज्यांचं घर गेलं त्यांचं ओटीटी खातं गेलं नाही. दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या मोबाईलवर ते उघडलं. पुराच्या गावात माणसानं वस्तू साठवण्यापेक्षा वस्तूंचा भार कमी करावा, असं मला त्या वर्षापासून ठाम वाटतं.

विश्रामबागची_ताई

मी ओटीटीच्या बाजूनं, आणि माझं कारण आई आहे. तिला इंग्रजी वाचता येतं, बोललेलं पटकन कळत नाही. 'द वायर'मधली बाल्टिमोरच्या गल्लीतली बोली तर मलाही सबटायटलशिवाय झेपत नाही. ओटीटीवर अक्षरं मोठी करता येतात, मागं काळी पट्टी देता येते. डीव्हीडीवरची सबटायटलं म्हणजे चित्रं असतात. जेवढी छापली तेवढीच, मोठी होत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला चौकट मूळची आहे की नाही यापेक्षा वाचता येतंय की नाही हे मोठं.

बोलणं राहून जातं म्हणालात, त्याला उपाय आहे. सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद करता येतो. आमच्या घरी बंदच असतो. रोज एक भाग, मग दूध गरम करता करता आई विचारते, तो पोरगा वाईट वळणाला लागणार का गं? ते बोलणं व्हायला डिस्क लागत नाही.

हरभटरोड

ताई, आईंसाठी तुम्ही करताय ते बरोबरच. त्यावर वाद नाही.

मिरजजंक्शन, पालच्या वेगाचा मुद्दा खरा आहे. पण वेगात चार टक्क्यांचा फरक आणि चौकटच बदलणं, या दोन गोष्टी मी एका तराजूत घालत नाही. वेग यंत्राच्या गरजेपोटी बदलला आणि सगळ्या भागांत सारखा बदलला. चौकट बदलताना दर शॉटला कुणीतरी नव्यानं ठरवलंय की काय दाखवायचं, काय कापायचं. कुठं बाजू उघडल्यात, तर कुठं वर-खाली कात्री लागलीय. तेही मालिका पुरी झाल्यावर सहा वर्षांनी. माझा राग रुंद आवृत्ती काढल्याचा नाही. ती काढली आणि जुनी ओटीटीवर ठेवलीच नाही, याचा आहे. दोन्ही ठेवल्या असत्या तर मी हा धागा काढला नसता.

मिरजजंक्शन

मग डीव्हीडीनं काय बदललंय तेही बघा. 'नॉर्दर्न एक्स्पोजर' नावाची अमेरिकी मालिका होती, १९९० ते १९९५. तिच्यात गाण्यांना फार महत्त्व, कारण गावातल्या रेडिओ स्टेशनवरचा निवेदक हे एक मुख्य पात्रच आहे. डीव्हीडी काढताना गाण्यांचे हक्क महाग पडले आणि अमेरिकी सेटांत बरीच मूळ गाणी काढून दुसरं संगीत घातलं. ज्यानं टीव्हीवर पाहिली होती त्याला डीव्हीडीवर ती मालिका अर्धी परकी वाटली. डिस्क म्हटली की मूळच, असं धरून चालू नका. त्या वेळी कुठला करार झाला होता, एवढंच ती डिस्क सांगते.

भडंग_आणि_कांदा

तुम्ही दोघं परदेशातच फिरताय. आपल्याकडचं काय?

आपल्याकडं 'सीझन' अशी रीतच नव्हती. 'भारत एक खोज' १९८८ ची, श्याम बेनेगल यांची, ५३ भागांत पुरी. 'महाभारत' ९४ भाग. त्यांना सुरुवात आणि शेवट होता म्हणून त्यांचे डीव्हीडी संच निघू शकले. आजच्या मराठी डेली सोपचं काय करणार? समजा ५०० भाग, दर भाग २२ मिनिटं. १८० तासांच्या वर जातं. ८.५ जीबीच्या डबल लेयर डिस्कवर बऱ्या चित्रात चार तास बसले असं धरा, तरी ४६ डिस्क लागतात. कोण काढणार आणि कोण घेणार?

मोसर बेअरनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली तेव्हा मराठी सिनेमे आणि नाटकं घरोघर गेली. मालिका त्या मानानं गेल्याच नाहीत. २०१८ मध्ये ती कंपनीच अवसायनात निघाली. डीव्हीडी ठेवा म्हणणं सोपं आहे, आपल्या भाषेतली ठेवायला कुठली आहे ते सांगा.

नाट्यपंढरी

मी भावे नाट्यमंदिरात वाढलेला माणूस. १८४३ साली विष्णुदासांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं, त्याचं ना चित्र आहे ना आवाज. तरी मराठी रंगभूमी उभी राहिली, कारण नाटक पुन्हा उभं करता येतं. मालिकेचं तसं नाही. ती रेकॉर्डिंगमध्येच असते, रेकॉर्डिंग गेलं की मालिका गेली. म्हणून जपायला हवी, इथवर मी हरभटरोड यांच्यासोबत. पुढं मात्र नाही. जपणं हे घरच्या कपाटाचं काम नाही. आपण गेल्यावर मुलं ते कपाट एका दुपारी रिकामं करतात. हे काम संग्रहालयाचं. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मालिकांसाठी तेवढ्याच ताकदीची व्यवस्था हवी, आणि प्रेक्षकांनी ती मागायला हवी. घरात डिस्क आहे या समाधानात आपण ही मागणीच करत नाही.

हरभटरोड

सर, मागणी करूच, मी पहिली सही करतो. पण संस्थाही विसरतात. बीबीसीपेक्षा मोठी संस्था कुठली? तिनं १९६० च्या दशकातल्या 'डॉक्टर हू' या आपल्याच मालिकेच्या कितीतरी भागांच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. चित्र गेलं. पण गहाळ झालेल्या सगळ्या भागांचा आवाज आज आहे, आणि तो का आहे? प्रसारण चालू असताना प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपला होता म्हणून. संस्थेनं टाकलं ते कुणाच्या तरी घरच्या कपाटात निघालं. संग्रहालय असावंच, पण त्याच्या भरवशावर घरातलं रिकामं करू नये.

भडंग, तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. मराठीत ठेवायला फारसं नाही, हे खरं. म्हणून तर जे थोडं आहे ते भंगारात जाताना बघवत नाही.

आणि देण्याघेण्याचं कुणी बोललंच नाही. जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सनं भारतात घराबाहेर पासवर्ड वाटून घेणं बंद केलं. त्यांच्या दृष्टीनं ते ठीक असेल. पण आवडलेला सीझन मित्राच्या हातात ठेवून 'बघ आणि सांग' म्हणायची सोय त्यात उरत नाही. मला गणपती पेठेतल्या एका मित्रानं 'द वायर'चा पहिला सीझन असाच दिला. जाहिरात बघून मी तो कधीच लावला नसता. पहिले तीन भाग जड जातात, चौथ्यापर्यंत थांब, एवढंच तो म्हणाला होता.

मिरजजंक्शन

इथं मात्र मी गप्प बसतो. दुसऱ्याच्या हातात ठेवायला माझ्याकडं खरंच काही नाही. चित्राबद्दलचं मत तेच आहे. मी एचडीतच बघणार, आणि रुंद चौकटीत बंदराचा धक्का अख्खा दिसतो ते मला आवडतं.

विश्रामबागची_ताई

हरभटरोड दादा, मग पहिला सीझन आम्हालाही द्या की. आईला दोन्ही दाखवते. पण आमच्या टीव्हीवर जुनं काही लावलं की माणसं बुटकी आणि रुंद दिसतात, त्याचं काय करायचं?

मारुती_चौक

ताई, टीव्ही चित्र ताणतोय. रिमोटवर पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट असं काहीतरी असेल, तिथं ४:३ निवडा. प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप १६:९ ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या राहू द्या. झूम करू नका, नाहीतर खालून सबटायटल कापली जातील. आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरीऐवजी प्लेअरला एचडीएमआय असेल तर तीच लावा, आईंना अक्षरं पुष्कळ स्वच्छ दिसतील.

हरभटरोड

ताई, शनिवारी संध्याकाळी विश्रामबागेत येणारच आहे, घेऊन येतो. डिस्क एक ते शेवटची, क्रमानंच बघा. आणि आईंना काय आवडलं ते इथं लिहा, ओटीटीवरचं आवडलं तरी लिहा.